किती गिळलं, किती अंगी लागलं: जीवनसत्त्वं घेण्याच्या पद्धतींची तुलना (प्रकल्प नोंदी, इंदूर)

६ एप्रिल २०२५

काम एवढंच: रामबाग परिसरातल्या ज्येष्ठ मंडळींसाठी आणि मेडिकलच्या काउंटरवर लावायला एकपानी तक्ता करायचा. एकच जीवनसत्त्व गोळी, कॅप्सूल, पुडी, थेंब, फसफसणारी टिकली, गमी, इंजेक्शन अशा रूपांत मिळतं. त्यातलं कोणतं कुणाला सोयीचं, कशाबरोबर घ्यायचं, किती दिवसांनी घ्यायचं आणि चूक कुठे होते, हे त्या तक्त्यात हवं. मुख्य तीन घेतली: डी३, बी१२, सी. बाकीची जागा उरेल तशी.

काम करणारे तिघं: मेडिकलवरचा फार्मासिस्ट, फार्मसी शिकवणाऱ्या एक बाई, एक आहारतज्ज्ञ. कुणाला काही खायला घालून रक्त तपासायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. बाकावर करता येईल तेवढंच करायचं, शरीरात काय होतं ते छापील अभ्यासांवरून घ्यायचं. गोळी मुळात लागते की नाही हे डॉक्टर ठरवणार, तक्ता नव्हे.

पहिले रकाने: रूप, ताकद, किंमत, चव. हे बदलणार असं आत्ताच वाटतंय. चव हा रकाना कुणी सुचवला ते लिहीत नाही.

११ एप्रिल

आधी एकक निस्तरलं, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. डी३ च्या वेष्टनावर कुठे आययू (आंतरराष्ट्रीय एकक) असतं, कुठे मायक्रोग्रॅम. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणजे ६०,००० आययूच्या पुडीत प्रत्यक्ष औषध १,५०० मायक्रोग्रॅम, अर्थात दीड मिलिग्रॅम. बाकी सगळे साखरेसारखे दाणे. अ जीवनसत्त्वाचं गणित वेगळं: १ आययू म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. डी३ चा भागाकार अ ला लावला की उत्तर बारा पट चुकतं.

रोजची गरज आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या शिफारशींवरून लिहिली: प्रौढांना डी ६०० आययू, बी१२ २.२ मायक्रोग्रॅम, सी पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. हे आकडे समोर ठेवून कपाटातले गोळ्यांचे पत्ते बघितले तर बी१२ ची गोळी १,५०० मायक्रोग्रॅमची, म्हणजे रोजच्या गरजेच्या जवळजवळ सातशे पट. ही फसवणूक नाही, त्याला कारण आहे. ते बी१२ च्या नोंदीत येईल.

वेष्टनावरची आणखी एक गोष्ट तक्त्यात घेतली. काही माल औषध म्हणून येतो, त्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. काही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाखाली हेल्थ सप्लिमेंट (पूरक आहार) म्हणून येतो, त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ असते. गमी बहुतेक दुसऱ्या गटातल्या. रक्तात कमतरता दिसली आहे आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे, तर पहिल्या गटातलं घ्यावं.

१९ एप्रिल

विघटन चाचणीचं यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुपारभर मिळालं. एका टोपलीत उभ्या सहा काचनळ्या, तळाला जाळी. टोपली ३७ अंश पाण्यात मिनिटाला सुमारे ३० वेळा वर-खाली होते. प्रत्येक नळीत एक गोळी. जाळीवर काही कठीण उरेनासं झालं की वेळ नोंदायची.

इंडियन फार्माकोपियाच्या (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथाच्या) मर्यादा अशा: साधी गोळी १५ मिनिटं, फिल्म कोट ३०, साखरेच्या आवरणाची ६०, टणक कॅप्सूल ३०, तेलाची मऊ कॅप्सूल ६०. फसफसणाऱ्या टिकलीला साध्या पाण्यात ५ मिनिटं, पाण्यात विरणाऱ्या गोळीला ३.

आपल्या सगळ्या ताज्या नमुन्यांनी मर्यादा पाळली. बघण्यासारखी होती ती मऊ कॅप्सूल. आधी ती दुधी होते, फुगते, मग शिवणीच्या रेषेवर एका टोकाला भेग पडते आणि तेलाचा पिवळा थेंब सुटून नळीत वर चढतो. उरलेली कातडी जाळीवर लोळत राहते.

मुद्दाम एक जुना पत्ता आणला होता, वर्षभर खिडकीत ऊन खाल्लेला. त्यातल्या दोन कॅप्सूल फुगल्या पण फुटेनात. वर चिवट पापुद्रा धरलेला. उष्णता आणि दमटपणाने जिलेटिनचे धागे एकमेकांत गुंततात, मग ते पाण्यात विरत नाहीत. पोटात पाचकरस असतात, ते असा पापुद्रा बऱ्यापैकी फोडतात, त्यामुळे औषध वायाच गेलं असं म्हणता येणार नाही. पण मुदत संपलेली नसली तरी माल खराब होऊ शकतो हे दाखवायला नमुना चांगला. मेच्या उन्हात पारा ४२ ला टेकतो, तेव्हा गच्चीवरच्या खोलीत औषधं ठेवू नका, ही ओळ घातली.

घरी व्हिनेगरमध्ये गोळी टाकून ‘चांगली की वाईट’ ठरवण्याची युक्ती मोबाइलवर फिरते. पाणी किती गरम, किती हलवलं, गोळी कोणत्या आवरणाची, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. तक्त्यात तिला जागा नाही. आणि विघटन म्हणजे विरघळणं नव्हे, विरघळणं म्हणजे अंगी लागणंही नव्हे. हे तीन टप्पे वेगळे लिहायचे.

४ मे

डी३. पुडी, मऊ कॅप्सूल, ५ मिलीची छोटी बाटली, १,००० किंवा २,००० आययूची रोजची गोळी, आणि इंजेक्शन.

डी३ चरबीत विरघळतं, तेव्हा ताटात तेल-तूप हवं. बॉस्टनमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात ५०,००० आययूचा एकच डोस दिला होता. ज्यांच्या जेवणात स्निग्ध पदार्थ होते त्यांच्या रक्तात १२ तासांनी डी३ बिनचरबीचं जेवण घेणाऱ्यांपेक्षा ३२ टक्के जास्त निघालं. गोळी तीच, ताकद तीच, फक्त ताट वेगळं. त्या दिवसापासून ‘कशाबरोबर’ हा रकाना किमतीच्या आधी आला.

इंदुरी सवय बघता सकाळचे पोहे हा सापळा आहे. इथले पोहे वाफेवरचे, तेल बेताचं. वर शेव पडली तरी प्रत्येकाच्या बशीत किती पडेल याचा भरवसा नाही, आणि पथ्यवाले शेव काढूनच टाकतात. त्यापेक्षा दुपारचा वरणभात आणि वर चमचाभर तूप: त्यात सुमारे ५ ग्रॅम चरबी. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत १२ च्या आसपास. फुल क्रीम दुधात ६ टक्के चरबी, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. म्हणजे ‘दुधातून घ्या’ म्हणताना कोणतं दूध हे विचारलंच पाहिजे. २०० मिली डबल टोन्डमधून जेमतेम ३ ग्रॅम मिळते.

पुडीची चूक पेल्यात दिसते. थंड दुधाच्या भरल्या पेल्यात पुडी सोडली, चार वेळा ढवळली, दूध ओतून दिलं. तळाशी आणि पेल्याच्या भिंतीला दाण्यांचा थर तसाच. असं पिणारा माणूस पूर्ण ६०,००० घेतो असं समजतो. पेला विसळताना त्यातलं काही मोरीत जातं. रीत अशी: कोमट अर्धा कप दूध, पुडी रिकामी करून पुडीचे कोपरे टिचकीने झटकायचे, मिनिटभर ढवळायचं, प्यायचं, मग त्याच पेल्यात दोन घोट दूध घालून फिरवून तेही प्यायचं.

मऊ कॅप्सूलमध्ये औषध तेलातच असतं, सांडण्याची भानगड नाही. गिळता येणाऱ्याला ती पुडीपेक्षा बरी. ५ मिलीची ‘नॅनो’ बाटली (औषध अतिसूक्ष्म कणांत, पाण्यात मिसळलेलं) महाग. पित्ताचा अडथळा किंवा आतड्याचा आजार असलेल्यांना तिचा विचार करण्यात अर्थ आहे, कारण तिथे चरबी पचण्याचीच अडचण असते. धडधाकट माणसाने तूपभात सोडून बाटलीवर पैसे का घालावेत, हे आम्हाला कळलं नाही.

११ मे

डी३ चा वाराचा घोळ. पूर्ण बैठक यावरच गेली, आणि ती जायला हवी होती.

आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला सरासरी ८,५७० आययू. महिन्याला ६०,००० म्हणजे दिवसाला २,०००. नेहमीची पद्धत आठ आठवडे आठवड्याला एक, मग महिन्याला एक, अशी असते. आठ आठवडे संपल्याचं कुणी सांगितलं नाही तर माणूस वर्षभर आठवड्याचाच डोस चालू ठेवतो. आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे रोज एक. घरात बाकीचे सगळे पत्ते रोजचे असतात. चार कॅप्सूलचा छोटा पत्ता त्यात पडला की हात आपोआप जातो. रोज ६०,००० काही आठवडे गेले तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठ, वयस्कर माणसात गोंधळलेपणा, पुढे मूत्रपिंडाला इजा.

उपाय करून पाहिले. पत्त्याच्या चकचकीत पाठीवर बॉलपेन उठत नाही, मार्कर बोटाने पुसला जातो. किंमत चिकटवायचे पांढरे छोटे कागद चालले. चार खणांवर चार तारखा पेनाने लिहून चिकटवायच्या, ‘रविवार’ असं नाही, नेमकी तारीख. रविवार दर आठवड्याला येतो, आठ आठवड्यांनंतरही. कागद चिकटवताना बॅच क्रमांक आणि मुदत झाकायची नाही.

इंजेक्शन: ३ किंवा ६ लाख आययू, तेलातलं, घट्ट, स्नायूत खोल द्यायचं. जाड सुई लागते, दुखतं, आणि औषध स्नायूतून हळूहळू सुटतं. ‘एकदाच टोचा, वर्षभर सुटका’ म्हणून मागणी असते. २०१० साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका मोठ्या चाचणीत ७० वर्षांवरच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख आययू तोंडावाटे किंवा नुसती साखरगोळी दिली होती. औषध घेणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण १५ टक्के आणि हाडं मोडण्याचं २६ टक्के जास्त निघालं. ज्यासाठी घ्यायचं त्याच्या उलट. तक्त्यात इंजेक्शनपुढे लिहिलं: तोंडाने घेणं शक्यच नसेल तर, डॉक्टरांच्या म्हणण्यावरून.

आणखी एक प्रश्न काउंटरवर हमखास येतो: ‘दादा, हे शाकाहारी आहे ना?’ डी३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून होतं, मऊ कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं. शैवाकापासून, म्हणजे दगडफूल ज्या गटातलं त्यापासून, काढलेलंही मिळतं, महाग पडतं. विचारलं तर खरं सांगायचं.

१८ मे

गमी. थोडक्यात आटोपलं. बरणी दुपारभर पार्सलच्या गाडीत होती, आल्यावर सगळ्या गमी मिळून एक लगदा. थंड करून चाकूने तुकडे केले तर एका तुकड्यात किती औषध हे कुणीच सांगू शकत नाही. पुढच्या बाजूचा मोठा आकडा दोन गमींचा असतो, ते मागे बारीक अक्षरात. वर साखर, ती दाताला चिकटते. मुलं खाऊ समजून मूठ भरतात; त्यात अ जीवनसत्त्व किंवा लोह असेल तर ते धोक्याचं. गिळता न येणाऱ्यांसाठी पाण्यात विरणारी गोळी किंवा सिरप आहेच.

१ जून

बी१२. इथे ताकद आणि अंगी लागणं यांचा संबंध सगळ्यात विचित्र आहे.

जठरातून एक प्रथिन सुटतं, इंट्रिन्सिक फॅक्टर. ते बी१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत नेतं. या गाड्या मोजक्या. एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या वर माल वाहत नाहीत, आणि परत मोकळ्या व्हायला काही तास जातात. उरलेल्यातलं साधारण एक टक्का आतड्याच्या भिंतीतून नुसतंच झिरपतं. म्हणून ५ मायक्रोग्रॅममधून सुमारे १ अंगी लागतं, ५०० मधून १० आणि १,००० मधून १३. गोळी दुप्पट केली तर हाती जास्तीचे ३. १,५०० च्या गोळीचं कारण हेच: जठराचं प्रथिन अजिबात नसलं तरी झिरपलेल्यातूनच रोजची गरज भागते.

मग जिभेखालची गोळी? ती तोंडातून थेट रक्तात जाते म्हणून जास्त लागते, असं सर्रास सांगितलं जातं. गिळलेल्या गोळीशी तुलना केलेल्या चाचण्यांत फारसा फरक दिसलेला नाही. गिळायचा त्रास असेल तर घ्यावी. नाकातला फवारा आतड्याला वळसा घालतो, किंमत बघून बहुतेकांचा विचार तिथेच संपतो.

इंजेक्शनची जागा मात्र पक्की आहे. हातपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा, किंवा रक्त फार उतरलेलं असेल तर सुरुवात सुईनेच करतात. पाण्यातलं औषध, लाल रंग, बारीक सुई पुरते. मिथाइलकोबालामिन हे बी१२ चं रूप उजेडाने बिघडतं, म्हणून कुपी तपकिरी काचेची आणि काळोख्या खोक्यात. कुपी काढून टेबलावर ट्यूबलाइटखाली ठेवून मग दहा मिनिटं गप्पा, हे बंद करायचं. मोठ्या डोसातला बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातो, त्यामुळे ‘सुईचं वाया जात नाही’ हेही खरं नाही.

मिथाइलकोबालामिन की सायनोकोबालामिन हे बी१२ चं दुसरं रूप, यावर आपसात थोडा वाद. शरीर दोन्हींचं आधीचं टोक काढून टाकतं आणि लागेल ते स्वतः जोडतं. सायनो उजेडाला जास्त टिकतं आणि स्वस्त. तक्त्यात दोन्ही एकाच ओळीत.

‘कुणी लक्ष द्यावं’ मध्ये: शाकाहारी ज्येष्ठ, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे, अॅसिडिटीची गोळी रोज घेणारे, जठराची शस्त्रक्रिया झालेले. नुसती फोलिक अॅसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी चालू असेल तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण बी१२ ची कमतरता आत नसांचं नुकसान करत राहते. ही ओळ लाल शाईत.

१५ जून

सी. रोज ३० ते १८० मिलिग्रॅम घेतलं तर ७० ते ९० टक्के अंगी लागतं. एका दमात १ ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी. म्हणजे १,००० ची फसफसणारी टिकली एकदा पिण्यापेक्षा १०० ची गोळी दोनदा घेणं जास्त हिशोबी. त्याहून हिशोबी मध्यम पेरू, त्यात २०० च्या पुढे असतं. ज्यांना मूतखडा होतो त्यांनी ग्रॅमभर सी रोज घेऊ नये.

टिकलीतला फेस सोड्याचा. १ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात २७४ मिलिग्रॅम सोडियम. रक्तदाबवाला मीठ तोलून खातो आणि टिकलीतलं सोडियम मोजत नाही. वेष्टनावर सोडियम बघायचंच. टिकली गरम पाण्यात टाकायची नाही, साधं २०० मिली पाणी, फेस पूर्ण शांत झाल्यावर प्यायचं.

चघळायच्या गोळीची चूक म्हणजे ती गालात धरून ठेवणं. आम्ल दातावर बसतं. चावून संपवायची, पाण्याने खुळखुळून चूळ भरायची, लगेच ब्रश नाही.

२९ जून

पाऊस लागला. टिकल्यांची एक नळी झाकण अर्धवट लावून आठवडाभर स्वयंपाकघरात ठेवली होती, दुसरी नीट बंद. पहिलीतल्या टिकल्यांवर तपकिरी ठिपके, कडा भुसभुशीत, पाण्यात टाकल्यावर फेस मरगळलेला. हवेतल्या ओलीने सोडा आणि आम्ल आधीच भिडले, सी ची हवेशी प्रक्रिया झाली. झाकणात ओल शोषणारे दाणे असतात, ते ‘कचरा’ म्हणून काढून टाकणारे भेटतात. टिकली ओल्या हाताने काढायची नाही. नळी फ्रिजमध्येही नाही, बाहेर काढली की आत दव धरतं.

६ जुलै

थेंब. बाळाचे डी३ चे थेंब ४०० आययू प्रति मिली आणि ८०० आययू प्रति मिली, दोन्ही मिळतात, खोकी सारखी दिसतात. बाळाला रोज ४०० हवं, म्हणजे एकात १ मिली, दुसऱ्यात अर्धा. काही बाटल्यांत तर एका थेंबातच ४००. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० मध्येच ड्रॉपरमुळे होणाऱ्या जास्त डोसाबद्दल सावध केलं होतं.

ड्रॉपर उभा धरून आणि तिरका धरून थेंब मोजले: थेंबाचा आकार बदलतो. तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो, तेव्हा ‘वीस थेंब म्हणजे एक मिली’ हे तेलाला लागू नाही. नियम: ज्या बाटलीचा ड्रॉपर तिचाच, वेष्टनावर सांगितलेल्या डोसाच्या खुणेपर्यंत भरायचा, खूण डोळ्यासमोर आणून वाचायची, जुनी बाटली संपली की ड्रॉपरही फेकायचा. सिरपला घरातला चमचा नको, झाकणावरचं ५ मिलीचं माप.

१३ जुलै

वेळांची टक्कर. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा त्यांचा अंश असलेलं मल्टिव्हिटॅमिन: चार तासांचं अंतर. लोह आणि कॅल्शियम एका घासात नाही. लोहानंतर लगेच चहा नाही. इथे हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर के जीवनसत्त्व असलेलं काहीही विचारल्याशिवाय नाही. केसांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) असतं. त्याने थायरॉइडचे आणि हृदयविकारातल्या ट्रोपोनिनचे अहवाल चुकतात, म्हणून रक्त देताना लॅबला सांगायचं. बी कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीजर्द होते ती रायबोफ्लेविनमुळे (बी२), घाबरू नये.

२० जुलै

पहिली छापील प्रत आली. ‘चव’ कधीच गेला होता, ‘किंमत’ शेवटी सरकला. आता क्रम: रूप, कशाबरोबर, किती दिवसांनी, अंदाजे किती अंगी लागतं, चूक कुठे, किंमत.

दोन दुरुस्त्या. छपाईत ६,००,००० मधला एक स्वल्पविराम उडाला, आणि ६०,००० च्या शेजारी तो आकडा वाचताना तिघांचीही नजर चुकली. आता ‘साठ हजार’ आणि ‘सहा लाख’ अक्षरांत. दुसरं, चकचकीत लॅमिनेशनवर काउंटरच्या ट्यूबलाइटचा पट्टा नेमका डी३ च्या ओळीवर पडतो. मॅट करायला दिलं, दहा प्रती, गुरुवारी मिळतील.